सरकताईचा क्लब

तिला चांगलं नाव होतं, रोज हजेरीत घेतलंही जायचं, पण कॉम्प्युटर क्लबातली पोरं तिला सरकताई म्हणायची. तोंडावर नव्हे, अर्थात. तोंडावर नुसतं ताई. कुणाचा प्रोग्रॅम अडला की ती मागून यायची, स्क्रीनकडे एक नजर टाकायची, कपाळाला आठ्या घालायची आणि म्हणायची, "सरक." पोर सरकायचं. ताई खुर्चीत बसायची, खाडखाड बटणं दाबायची, प्रोग्रॅम सुरळीत चालू व्हायचा आणि ताई पुढच्या पोराच्या डोक्यावर जाऊन उभी राहायची. समजावत बसायला वेळ कुणाला होता? एवढी पोरं, एवढ्या चुका, आणि शाळा सुटल्यावर मिळून मिळून वेळ तो केवढा.

क्लब तिनंच काढला होता. आठवीत असताना ती मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, जाऊन अडून बसली होती. शिक्षक नकोत, मुलं मुलांना शिकवतील, मोठी माणसं शिकवायला आली की प्रश्न विचारायची चोरी होते, असं तिनं तेव्हा ठणकावून सांगितलं होतं. मोठ्या बाईंना ते पटलं. लॅबमागची एक अरुंद खोली मिळाली आणि लॅबमधून बाद झालेले कॉम्प्युटर मिळाले. त्यातल्या एकाचा पंखा इतका घरघरायचा, की त्याच्यासमोर बसणाऱ्याशी ओरडूनच बोलावं लागे. दुसऱ्याच्या कीबोर्डवरची दोन बटणं चिकटपट्टीच्या जोरावर तग धरून होती. खोलीला व्हरांड्याकडे उघडणारी एक खिडकी होती, तिला जाळी होती आणि जाळीत धूळ होती. ताईचा जीव त्या खोलीत अडकला होता.

आता ती दहावीत होती. वर्ष संपलं की शाळा सुटणार. मग या पोरांचं कसं व्हायचं, या विचारानं ती वैतागून जायची, आणि तो वैताग पुन्हा पोरांवरच निघायचा. पोरंही तशीच, म्हणा. त्यातला एक वकील. मशीननं चूक दाखवली की तो मशीनशी वाद घालायचा: "मी बरोबरच लिहिलंय, हाच ऐकत नाही." दुसरी पेंगुळ, सातवीतली. विचार करताना ती डोळे मिटायची, आणि विचार तिला फार करावा लागायचा. तिचे डोळे उघडायची वाट पाहायची म्हणजे ताईच्या सहनशक्तीची परीक्षाच. ताई ती परीक्षा कधी देत नसे. "सरक," म्हणायची.

पुढे पुढे तर तेवढंही म्हणायची गरज उरली नाही. अडलं की पोरं आपणहून खुर्चीतून उठायची आणि बाजूला हात मागे बांधून उभी राहायची. ताईला लांबूनही कळायचं कुठे जायचं ते. एखादं पोर तेवढ्यात पाणी पिऊनही यायचं. कशी शिस्त लागलीय, असं ताईला वाटायचं, आणि मनातल्या मनात ती स्वतःची पाठ थोपटून घ्यायची.

अशातच खेळाच्या सरांची नजर त्या खोलीवर पडली. त्यांना गाद्या, जाळ्या आणि चेंडू ठेवायला जागा हवी होती. मोठ्या बाईंनी ताईला बोलावून घेतलं.

"तू आहेस तोवर क्लब चालेल, याची मला खात्री आहे," त्या म्हणाल्या. "तू गेल्यावर चालेल का, ते मला बघायचंय. शुक्रवारी येते. तयार केलेलं काही दाखवू नका. मी सांगेन ते मुलांनी माझ्यासमोर करायचं. जमलं तर खोली तुमची, नाही जमलं तर सरांची."

ताईनं त्या आठवड्यात पोरांच्या मानगुटीवर बसून तयारी करून घेतली. प्रत्येकाकडून तोच तो नमुना इतक्यांदा लिहून घेतला, की पेंगुळलासुद्धा तो डोळे मिटून येऊ लागला.

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या, घरघरणाऱ्या पंख्याकडे एकदा नाराजीनं बघून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सोपंच सांगते. मी गुण टाकीन, मशीननं सांगायचं, पास की नापास."

ताईचा जीव भांड्यात पडला. हे तर रोजचंच होतं. पोरांनी माना खाली घातल्या आणि भराभर लिहिलं. मोठ्या बाई पहिल्या मशीनपाशी गेल्या. सत्तर टाकले, पास. बारा टाकले, नापास. त्या खूश दिसल्या. मग त्यांनी चाळीस टाकले. नापास.

"चाळीसला आपण पास करतो ना?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या मशीनवर चाळीस, नापास. तिसऱ्यावरही नापास. वकील मशीनशी वाद घालायला तयार होता, पण निकाल तोच. सगळ्यांनी ताईचाच नमुना लिहिला होता: चाळीसपेक्षा जास्त तर पास, नाहीतर नापास. चाळीस किंवा त्याहून जास्त, असं हवं होतं. ताईला चूक दारातूनच दिसली. एका चिन्हाचं काम होतं. आणि गंमत अशी, की चूक तिच्याच नमुन्यातली होती. आजवर तिनं ती प्रत्येक वेळी जाता जाता स्वतःच दुरुस्त केली होती.

आणि मग ते झालं. पेंगुळ उठली आणि खुर्चीशेजारी हात मागे बांधून उभी राहिली. तिच्यामागोमाग वकील उठला. एकेक करत सगळी खोली उठली. रिकाम्या खुर्च्या, त्यांच्या शेजारी गप्प उभी पोरं, आणि प्रत्येक स्क्रीनवर नापास.

"ही मुलं उभी का राहिली?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"ताईला जागा दिली, बाई," वकील म्हणाला.

ताई पुढे निघालीच होती. मोठ्या बाईंनी हात आडवा केला. "तू नाही," त्या म्हणाल्या, आणि पोरांकडे बघत थांबल्या. कुणी बसलं नाही. बसून काय करायचं, हेच कुणाला माहीत नव्हतं. ताईला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुढच्या शुक्रवारी मी परत येईन," शेवटी मोठ्या बाई म्हणाल्या. "तोवर हिनं या खोलीत पाऊल टाकायचं नाही, आणि तुम्ही तिला काही विचारायचं नाही. मला शब्द द्या."

पोरांनी शब्द दिला. पोरांचं काय जातंय.

घरी येऊन ताईनं दप्तर आपटलं. मी मरमर मरायचं, आणि मलाच बाहेर काढतात. बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे, त्यामुळे त्यांना हे दुःख नेमकं कळलं. "सगळे सारखेच गं," ते म्हणाले. "ब्रेक दाब म्हटलं की हॉर्न दाबतात. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे म्हणून जिवंत आहे मी."

आई भाजी चिरत होती. "तुमची एक विद्यार्थिनी परवा बसमध्ये भेटली," ती म्हणाली. "लायसन्स आहे म्हणे, पण शेजारी सर नसले की गाडी सुरू करायचीच भीती वाटते."

बाबा पेपरात तोंड घालून बसले. ताई उठून आत निघून गेली. आईला नको तिथे नको ते बोलायची खोड आहे, असं दोघांचंही मत होतं.

तो आठवडा ताईनं व्हरांड्यात येरझाऱ्या घालत काढला. जाळीतून सगळं दिसायचं, तेच वाईट. पोरं तासन्‌तास नुसती स्क्रीनकडे बघायची. नको ते पुसायची, हवं ते मोडायची. एकदा तर त्यांनी पास आणि नापास हे शब्दच उलटे करून टाकले आणि चाळीसला पास आलं म्हणून नाचली. बारालाही पास आलं तेव्हा गप्प झाली. ताईनं खिडकीच्या गजावर कपाळ टेकलं. मधल्या सुट्टीत तिनं वकिलाला गाठलं आणि हळूच म्हणाली, "अरे, ते एक चिन्ह बघ ना."

"नको ताई," वकील म्हणाला. "शब्द दिलाय." असला सरळपणा त्याला नेमका आत्ताच सुचला.

शुक्रवारी दार बंद झालं. ताई बाहेर बाकावर नखं कुरतडत बसली. खोली जाणार, हे ती जवळजवळ धरूनच चालली होती. खेळाचे सर एकदा येऊन दार डोळ्यांनी मोजून गेले, तेव्हा तिला रडूच फुटायचं बाकी होतं. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि मोठ्या बाई बाहेर आल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "खोली क्लबची." आणि चष्मा पुसत ऑफिसकडे गेल्या.

मागून पोरं बाहेर पडली, आपसात हमरीतुमरीवर येऊन. सगळी बोलत होती, आणि एकही तिच्याशी बोलत नव्हतं. पुढच्या वेळी काय करायचं यावरून भांडण जुंपलं होतं. ताई बाकावरून उठली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिचा क्लब वाचला होता, आणि तो वाचवताना तिची कुणाला आठवण झाली नव्हती. आनंद झाला, पण तो घशाखाली उतरेना.

पेंगुळ सगळ्यांच्या मागे होती. ताईनं तिला थांबवलं. "कुणी केलं?"

"मी," पेंगुळ म्हणाली.

"चिन्ह बदललंस?"

"नाही." पेंगुळनं डोळे मिटले, विचार केला आणि उघडले. ताई वाट बघत राहिली. "मी चाळीसचं एकोणचाळीस केलं. एकोणचाळीसपेक्षा जास्त तर पास."

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. असं कुणी करतं का? इतकं ओबडधोबड? "आणि कुणाला साडेएकोणचाळीस पडले तर? तोही पास होईल ना. चूकच आहे ते."

पेंगुळनं पुन्हा डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ.

"आपल्या शाळेत अर्धा गुण देतच नाहीत, ताई," ती म्हणाली. "मी आधी बाईंना विचारून घेतलं."

अर्धा गुण देतात की नाही, हे कुणाला विचारावं असं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"बाकीचं कसं लिहिलंस, ते दाखवशील?" तिनं विचारलं.

पेंगुळ तिला आत घेऊन गेली आणि स्वतः खुर्चीत बसली. ताई शेजारी उभी राहिली. पेंगुळनं अगदी पहिल्या ओळीपासून सांगायला सुरुवात केली, फार सावकाश, आणि दुसऱ्याच ओळीला डोळे मिटून घेतले.