कमलबाईंच्या गच्चीचा ओला कोपरा

कमलबाईंचं अर्धं आयुष्य भाड्याच्या खोलीत गेलं, आणि त्या सगळ्या काळात घरमालकिणीच्या गच्चीवर त्यांची एकही बिबडी वाळली नाही. गच्चीच्या दाराला कुलूप असे. "वर माणसं नाचली म्हणजे स्लॅब फुटतो," असं मालकीण म्हणायची.

उन्हाळा लागला की भडगावात घरोघरी ज्वारीचा घाटा शिजतो. बाया तो ओल्या धोतरावर हाताने थापतात, उन्हात वाळवतात, आणि त्या बिबड्या पुढे वर्षभर निखाऱ्यावर भाजून खायच्या असतात. कमलबाई आपल्या बिबड्या गल्लीत खाटेवर वाळवत आणि हातात काठी घेऊन शेळ्या हाकत बसत. शेळ्या त्यांच्यापेक्षा चपळ होत्या. वर मालकिणीची गच्ची दिवसभर मोकळी तापत पडलेली दिसे. तेव्हाच कमलबाईंनी मनाशी ठरवलं होतं, की देवाने स्वतःचं घर दिलं तर गच्चीला दार म्हणून बसवायचं नाही.

देवाने घर दिलं, पण जरा सावकाश. नवरा जीवराम रावेरहून केळीचा ट्रक घेऊन उत्तरेकडे जाई आणि महिन्यातले थोडेच दिवस घरी असे. कमलबाई शिवणयंत्रावर गल्लीतल्या पोलक्यांचं शिवण करत. दोघांच्या कष्टातून दोन खोल्या उभ्या राहिल्या. स्लॅबचं काम ज्ञानेश्वर ठेकेदाराला दिलं. तो तसा वाईट माणूस नव्हता. गोड बोलायचा, पण एका वेळी चार ठिकाणी कामं घ्यायचा आणि एकाही ठिकाणी धड उभा राहायचा नाही. त्याच्या स्वतःच्या घरावर अजून पत्रेच होते. "पुढच्या वर्षी आपला बी स्लॅब," असं तो दर वर्षी आईला सांगे.

स्लॅब टाकला त्या दिवशी कमलबाईंनी कामावरच्या सगळ्यांना वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी केली. चौथी बट्टी तुपात बुडवताना ज्ञानेश्वर म्हणाला, "अक्का, या छतातून थेंब गळला, तर मी माझ्या हातानं पुन्हा करून देईन. तोतारामनाना साक्षी आहेत." तोतारामनाना गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांचं तोंड भरलेलं होतं, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

जिना कमलबाईंनी मुद्दाम गल्लीच्या अंगाला घेतला आणि त्याला दार ठेवलं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात निम्मी गल्ली धोतरं आणि पातेली घेऊन वर आली. खाली अंगणात चूल, वर थापणं. लसूण-मिरचीचा वास पार गिरणा नदीच्या पुलापर्यंत जात असावा. त्या दिवसांत कमलबाईंचा चेहरा लग्नघरच्या यजमानिणीसारखा असे. पण पहिल्या दिवसापासून बायांना एक गोष्ट दिसली होती. पावसाचं पाणी उतरायचा पाईप एका टोकाला, आणि सांडलेल्या पाण्याची ओल मात्र समोरच्या कोपऱ्यात. तिथे कोणी धोतर अंथरत नसे.

पावसाळ्यात तोच कोपरा खाली ठिबकू लागला, आणि तोही नेमका शिवणयंत्रावर. लोकांच्या कापडावर पिवळे डाग पडले. ज्ञानेश्वर आला, वर काळं रसायन फासून गेला. पुन्हा गळलं. पुन्हा फासलं. पुढच्या वर्षी मात्र तो हात बांधून जिन्यातच उभा राहिला.

"अक्का, माझं काम चोख आहे. गल्लीभरच्या बाया वर नाचतात, पातेली आदळतात, त्यानं कोबा फुटला. कोबा म्हणजे वरचा विटांचा थर. तो काय अंगण आहे का?"

"मग काय करायचं, भाऊ?"

"जिन्याला दार बसवा, कुलूप लावा. कोणी वर येणार नाही असं कबूल करा. मग पाहतो."

कमलबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. गळकं छत सोसता आलं असतं, पण ते कुलूप नको होतं. जुन्या मालकिणीचं वाक्य जवळजवळ हेच होतं, आणि या वेळी ते त्यांच्या स्वतःच्या जिन्यात उभं राहून कोणीतरी बोललं होतं. जीवरामने फोनवर सांगितलं, "लाव ना एक दार. भांडण कशाला?" त्या म्हणाल्या, "तुम्ही ट्रक चालवा."

त्यांच्या हातात एक हुकमाचं पान होतं. ज्ञानेश्वरची आई धुरपताबाई आणि बायको रोशनी, दोघी दर उन्हाळी याच गच्चीवर बिबड्या करायला येत. घरी पत्र्याच्या उतारावर त्या वाळवणार कुठे? ज्ञानेश्वर पहाटेच पाचोऱ्याकडच्या कामावर निघून जाई. बिबडी ताटात येते एवढं त्याला ठाऊक होतं, कुठून येते ते त्याने कधी विचारलं नव्हतं. गल्लीतल्या हेमलताने सुचवलंच, "अक्का, सांगून टाका त्याला. तोंड बंद होईल."

"मी नाही सांगणार," कमलबाई म्हणाल्या. "आईला मुलाच्या विरोधात उभं करायचं माझ्या जिवावर येतं. त्याला आपण फक्त बोलवू. बाया काय करतात ते त्यानं डोळ्यानं पाहावं. पुढचं पुढे."

मग त्यांनी तोतारामनानांकडून निरोप पाठवला: बिबड्यांच्या दिवशी या, आणि कोबा कोण फोडतं ते दाखवा.

ज्ञानेश्वर आला तो ऐटीत, हातात लेव्हल मोजायची नळी घेऊन. नाना मागून एकेक पायरी चढत होते. जिना चढता चढताच तो म्हणत होता, "पाहा नाना, मी सांगतो ना, ज्या ज्या बाया वर चढल्या, त्यांनीच हा कोबा फोडला. दंड बसवला पाहिजे एकेकीवर."

तो वर पोहोचला. गच्चीच्या मधोमध, कोपरापर्यंत घाट्यात हात बुडवून, त्याची आई बसली होती. शेजारी रोशनीने पदर पुढे ओढला, पण तिचे खांदे हसत होते.

"माय, तू आठे?" इतका वेळ शुद्ध बोलणारा ज्ञानेश्वर एकदम घरच्या बोलीवर आला.

"मंग कोठे जाऊ?" धुरपताबाईंनी थापणं थांबवलं नाही. "तुना पत्रावर टाकू का बिबड्या? घसरीसन नालीमा पडतीन. काल रातले दोन खादी ना भाजेल? त्या याच गच्चीवरल्या शेत."

"पण माय..."

"दंड कितला ते सांग. मी बी चढनू ना. मी बी फोडी का हाई गच्ची?"

गच्चीवर हसू पसरलं. नानांनी उपरण्याने तोंड पुसलं. कमलबाई हसल्या नाहीत. त्यांनी घाट्याची वाटी भरली, वर कच्चं तेल सोडलं आणि ज्ञानेश्वरपुढे धरली. "घ्या भाऊ, गरम आहे तोवर."

त्याने वाटी घेतली, पण हार मानली नाही. "आईची गोष्ट वेगळी. माझा उतार बरोबर आहे. पाणी पाईपाकडेच जातं."

धुरपताबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांनी उचलला, पाईपापाशी गेल्या आणि तो सावकाश ओतला. पाणी क्षणभर पाईपाच्या तोंडाशी घुटमळलं, मग वळलं. मांडलेल्या धोतरांच्या मधल्या वाटेने, कोणी हात धरून नेत असल्यासारखं ते ज्ञानेश्वरच्या दिशेने निघालं. तो बोलण्याच्या नादात नेमका त्या ओल्या कोपऱ्यातच उभा होता. पाणी त्याच्या चपलांपाशी येऊन थांबलं.

"तुनाकडेच उनं रे भो," धुरपताबाई म्हणाल्या. "त्याले बी समजस, कोनं काम शे."

ज्ञानेश्वरने चपला मागे घेतल्या. हातातली नळी त्याने गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवली. मग तो जो हसला, ते हसणं त्याच्या गोड बोलण्यातलं नव्हतं, ते लहानपणचं असावं. "नाना," तो म्हणाला, "साक्षीदार तुम्हीच होता ना त्या दिवशी?"

"होतो. पण चार बट्ट्या तू खाल्ल्या होत्या, मी नाही."

पावसाच्या आधी सगळा कोबा फोडला गेला, आणि या वेळी फोडला तो ज्ञानेश्वरच्याच माणसांनी. तोवर तो दुसऱ्या कुठल्याही कामावर गेला नाही. आई रोज संध्याकाळी येऊन वर एक तांब्या ओतून जायची. शेवटच्या दिवशी गल्लीतल्या बायांनी हंडे भरून वर पाणी सोडलं. ते दोन्ही अंगांनी वाहत जाऊन पाईपातून धो धो खाली उतरलं, तेव्हा खाली उभे असलेले नाना नखशिखांत भिजले. कमलबाईंनी पुन्हा वरण-बट्टी केली. त्या पावसाळ्यात शिवणयंत्र कोरडं राहिलं.

आता ज्ञानेश्वर नव्या गिऱ्हाइकाला आधी कमलबाईंच्या गच्चीवर घेऊन येतो. "हे पाहा माझं काम," असं म्हणतो, आणि कमलबाई त्याचं म्हणणं खोडत नाहीत. त्याच्या स्वतःच्या घरावरही आता स्लॅब झाला आहे. तरीसुद्धा धुरपताबाई उन्हाळ्यात इकडेच येतात. पूर्वी जिथे ओल राहायची तो कोपरा त्यांचा ठरलेला आहे. तिथे दुसरं कोणी धोतर अंथरलं तर त्या नुसता तांब्या उचलतात.

जिन्याला अजून दार नाही.