लिंबाभोवतीचा पार

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी जे पहिलं बांधकाम केलं, ते म्हणजे लिंबाच्या झाडाभोवतीचा पार. डोंबिवलीत आमचं घर कारखान्यांना लागून असलेल्या निवासी भागात आहे. पुढे चार पावलांची बाग, तिच्यात मी लावलेलं कागदी लिंबू. वर्षानुवर्षं आजूबाजूच्या चार घरांना त्या झाडाची लिंबं पुरत होती. त्याचं कुणी काही करत नव्हतं, म्हणूनच बहुधा ते सुखात होतं.

पारासाठी विटा आल्या, लाल माती आली, बाथरूमच्या उरलेल्या निळ्या टाइल्स माळ्यावरून खाली आल्या. माती खोडाला हातभर उंच भिडली तेव्हा मी म्हटलं, "अहो, लिंबाच्या बुंध्याला माती लावू नका. साल ओली राहते, कुजते."

"तू बँकेत होतीस," हे म्हणाले, "शेतीखात्यात नाही."

हे स्वतः कंप्रेसरच्या कारखान्यात होते. ते मात्र चालतं.

एक पावसाळा गेला आणि पानं पिवळी पडायला लागली. आधी शिरा पिवळ्या, मग अख्खं पान. लिंबं सुपारीएवढी झाली की गळायची. मग निदानं सुरू झाली. पहिलं निदान कारखान्यांच्या धुराचं. शेजारचा पेरू तोच धूर पिऊन फांद्या मोडेस्तोवर लगडला होता, पण त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला? दुसरं निदान, लोह कमी. त्यासाठी पारात गंजके खिळे पुरले. मग ह्यांच्या निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर पानांचे फोटो गेले. तिथे ज्याला जे दुखणं, तेच त्याने झाडाला लावलं. मधुमेहवाल्याने कडुनिंबाचा काढा सांगितला, पित्तवाल्याने ताक. सकाळी फिरायला जोडीला असणारे एक गृहस्थ मोबाइलवरचं अ‍ॅप घेऊन आले. त्यांनी एका पानाचा फोटो काढला आणि तीन रोग वाचून दाखवले. शीळफाट्याच्या वाटेवरच्या एका नर्सरीवाल्याने झाड न बघताच औषधाची बाटली दिली, आणि ती आणल्याचा ह्यांना केवढा अभिमान!

एवढे पुरुष येऊन गेले, सगळ्यांनी माना वर करून पानं बघितली. खाली कुणी बघितलं नाही. टाइल्सच्या जरा वर, घराकडच्या बाजूला, सालीतून तपकिरी डिंक ओघळत होता. मी ह्यांना हात धरून तिथे नेलं.

"डिंक निरोगी झाडालाच येतो," हे म्हणाले. कुठे वाचलं ते सांगितलं नाही.

दिवाळीनंतर एक मोठी फांदी वाळली. तेव्हा ह्यांनी जाहीर केलं की झाडाचं आयुष्य संपलंय, ते काढून तिथे प्लास्टिकचं गवत घालू आणि झोपाळा ठेवू. माणूस बोलवायचंही ठरलं. तेवढ्यात पुतण्याचं लग्न निघालं आणि हे आठवडाभरासाठी कोल्हापूरला गेले. मी गुडघेदुखीचं कारण सांगून घरी थांबले.

ह्यांची गाडी सुटली असेल-नसेल, मी शेजारच्या वहिनींना हाक मारली. त्या हातोडा आणि घमेलं घेऊनच आल्या. "मला कधीपासून तो पार बघवत नव्हता," म्हणाल्या. दोघींनी दोन दुपारी खपून पार फोडला, माती उपसली. खाली साल काळी, मऊ पडली होती. बोट लावलं तर आत जात होतं. वासही आंबूस. अर्धा बुंधा सडला होता. राग एवढा आला की मी तिथेच मातीत बसून राहिले.

"रडू नका," वहिनी म्हणाल्या.

"रडत नाहीये. शिव्या आठवतेय."

विळीने नाही, चांगल्या धारदार सुरीने सडकी साल तासून काढली, थेट निरोगी साल लागेपर्यंत. वाळलेली फांदी कापली. कल्याणच्या बियाण्यांच्या दुकानातून मोरचूद आणला, प्लास्टिकच्या बादलीत चुन्याबरोबर कालवला आणि ती निळी पेस्ट जखमेवर आणि बुंध्यावर लावली. पाणी द्यायला खोडापासून लांब गोल आळं केलं. बाकी काही केलं नाही.

हे परत आले ते फाटकातच थबकले. "माझा पार!"

झाडाकडे नजरही गेली नाही. चार दिवस आमच्याकडे अबोला होता. माझे फार छान गेले.

उन्हाळ्याच्या तोंडावर झाडाला कोवळी पालवी आली. सगळीकडून नाही. सडक्या बाजूच्या फांद्या उघड्याच राहिल्या, त्या आता भरणार नाहीत. पण फुलं आली, लिंबं धरली. ती लिंबं बघायला ग्रुपमधले मित्र आले, तेव्हा मी आत पोहे परतत होते. बाहेरून आवाज आला, "मुळाशी जावं लागतं हो. मी सगळी माती काढून टाकायला लावली."

मी गॅस बारीक केला. नीट ऐकू यावं म्हणून.

आता ह्यांचं नाव झालंय. गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका मित्राने दारातलं वाळत चाललेलं चिकूचं कलम दाखवायला बोलावलं. हे टोपी घालून, पिशवीत खुरपं टाकून निघाले. तासा-दीडतासाने त्या मित्राच्या बायकोचा मला फोन. आवाज दबका.

"अहो, भाऊजी म्हणतायत मुळं उघडी करा. कालच लावल्यासारखं लहान आहे हो ते. करू का?"

"तुम्ही गावाला गेला होतात ना मे महिन्यात? पाणी कोण घालत होतं?"

"कुणीच नाही."

"मग संध्याकाळी बादलीभर पाणी घाला," मी म्हटलं, "आणि ह्यांना चहा देऊन वाटेला लावा."