दोन कार्डं आणि एक पत्ता

पुण्याहून आलेल्या मेकॅनिकनी कंप्युटरचं झाकण काढून बाजूला ठेवलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, "जागा नाहीये." मी त्यांच्या मागून वाकून बघितलं. आत कार्डं बसवायच्या पाच खाचा होत्या. तीन भरलेल्या आणि दोन सरळसरळ रिकाम्या. मला वाटलं, यांना दिसल्या नसतील. पण शिकलेल्या माणसाला कसं सांगायचं?

मी मूळची नांदेडकडची. आठवीत शाळा सुटली. थोरली बहीण भोरजवळ कामथडीला दिलेली, तिच्या बाळंतपणाला म्हणून आले ती तिथंच राहिले. तिच्या सासूबाई मायेच्या होत्या, पण मी भोरला कामाला जात होते म्हणून त्या घरात माझं ताट होतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. काम गेलं असतं तर परत गावी, दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला.

काम छापखान्यात होतं. छापखाना चाचांचा, म्हणजे भोरातल्या एका जुन्या मुसलमान घराचा. तालुक्यातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्यांच्याकडं व्हायच्या. त्यांनी मला आधी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला शिकवलं. मग जुना कंप्युटर घेतला तेव्हा इंग्रजी येणारं कुणी न आणता मलाच पुढ्यात बसवलं. मी आमच्याकडच्यासारखं 'का'च्या जागी "कामून" म्हटलं की तेही मुद्दाम "कामून, कामून" करून चिडवायचे, आणि दुपारी चाची माझ्या डब्यात न विचारता कालवण वाढायच्या. त्या माणसांचं मी किती देणं लागते, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

त्या कंप्युटरला मराठी येत नव्हती. त्यासाठी आत एक लांबट हिरवं कार्ड बसवलेलं होतं. ते होतं म्हणून पडद्यावर मराठी अक्षरं उमटायची, आणि मला तेवढीच येत होती. ते कार्ड होतं म्हणून मी होते.

मार्गासनीचे एक मामा मुलीची पत्रिका घेऊन आले आणि अडून बसले. "मेंगाईचा फोटो पायजे वर. पावण्यांच्या पत्रिकेवर खंडोबा हाय घोड्यावर बसल्याला. आमची देवी काय कमी हाय व्हय?"

फोटो कंप्युटरात घ्यायचा तर स्कॅनर हवा. चाचांनी कुठून तरी वापरलेला आणला. इस्त्रीसारखा हातात धरून फोटोवरून फिरवायचा. त्याचं वेगळं कार्ड होतं. ते आम्ही एका रिकाम्या खाचेत दाबून बसवलं आणि मशीन चालू केलं, तर पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आणि रेघा.

"दोघींचं पटत न्हाई," चाचा म्हणाले. "मधी एक खाच मोकळी सोड."

सोडली. तरी चौकोन. मग पंगतीत माणसं सरकवतात तशी आम्ही कार्डं सरकवली. हिला कडेला, तिला मधे, नंतर उलट. एकदा मशीन चालूच होईना. माझ्या हाताला घाम सुटलेला, त्यानंच काही बिघडलं का, हा धसका वेगळाच. शेवटी चाचांनी मेकॅनिकना बोलावलं आणि ते म्हणाले, जागा नाहीये.

"ह्या दोन काय हायत मग?" चाचांनी बोट दाखवलं.

"ती नुसती दारं, चाचा. मेमरीत कार्डांसाठी एक छोटी पट्टी राखलेली असते. प्रत्येक कार्डाला तिथला एक पत्ता लागतो. ही दोन्ही कार्डं एकाच पत्त्यावर राहायला आलीत."

"मग एकीला दुसऱ्या घरात घाला की."

मेकॅनिकनी पत्ता बदलायला स्कॅनरच्या कार्डावरची तांदळाच्या दाण्याएवढी काळी टोपी चिमट्यानं उचलून दुसऱ्या दोन पिनांवर बसवली. मशीन मुकंच राहिलं. त्या पत्त्यावर म्हणे आधीच डिस्कचं कार्ड राहत होतं. स्कॅनरला तेवढेच दोन पत्ते चालायचे आणि मराठीचं कार्ड आपला पत्ता सोडायला तयार नव्हतं. मला एवढंच कळेना, की बहिणीच्या दोन खोल्यांत नऊ माणसं झोपायची आणि तरी माझ्यापुरतं अंथरूण पडायचं. इथं दोन दारं उघडी, आत कुणी दिसत नाही, आणि जागा नाही.

मेकॅनिकनी मराठीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "फोटोची पत्रिका आता सगळ्यांना लागणार. स्कॅनर ठेवा, हे काढून टाका. मजकूर पुण्याहून टाइप करून आणत जा."

चाचांनी माझ्याकडं बघितलं नाही. "बघू," म्हणाले आणि आतल्या बाजूला जाऊन, जिच्यातून शाई कागदावर उतरते ती छपाईची जाळी धुवायला लागले.

तो 'बघू' मला फार लागला. मी टेबलापाशी उभी. कापसाच्या बोंडांची टोकं हाताला कशी टोचतात, तेच आठवत राहिलं. पत्रिकेचं कुठवर आलं ते बघायला आलेले मामा बाकड्यावरून मला म्हणाले, "पोरी, देवी राहू दे मग. साधीच छाप." त्यांना माझा चेहरा दिसला असावा.

चाचा ओल्या हातानं बाहेर आले. "मामा, तुमची देवी कुठल्या रंगात?"

"लाल."

"आन मजकूर?"

"निळा. ठरलंय की आपलं."

चाचा मेकॅनिककडं वळले. "लाल रंगाची जाळी येगळी, निळ्याची येगळी. कागद दोनदा जातो आमच्यात. मग ह्या दोघींनी एका टायमाला आत कशापायी बसायचं? सकाळी फोटोवाली बसंल, देवी कागदावर काढून घिऊ. दुपारी ही बसंल, मजकूर काढू."

"म्हणजे रोज मशीन उघडणार तुम्ही?"

"जाळी रोज धुतोच की."

मेकॅनिक हसले, पण चालणार नाही असं म्हणाले नाहीत. कार्ड कसं उपसायचं, कसं सरळ दाबायचं, हे त्यांनी मला दाखवलं. "कार्डाला हात लावायच्या आधी मशीनच्या पत्र्याला हात लावायचा. अंगातली वीज निघून जाते." माझ्या अंगात वीज आहे हे मला तेव्हाच कळलं. मी दोन्ही हात पत्र्याला लावले, आणि सवयीनं हात छातीशी गेला.

"पाया पडती बघा," चाचा म्हणाले.

मामांची पत्रिका झाली. देवी मजकुराच्या जराशी डावीकडं बसली होती. मामांनी कागद लांब धरून बघितला. "तिरकी बसलीया."

"वऱ्हाड कुठवर आलंय ते बघतीया," चाचा म्हणाले. मामांनी तेवढ्यावर समाधान मानलं.

चाचा मला म्हणाले, "उद्यापासनं एक एसटी आधीची धर. मशीन उघडायचं काम तुझं."

संध्याकाळी कामथडीला उतरून घरी गेले. बहिणीच्या सासूबाई भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "उद्यापासून लवकर जायचंय. काम वाढलं."

"का गं?"

"कंप्युटरात जागा नाही म्हणून."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "जागा न्हाई तर काम कमी व्हायला पायजे."

मलाही तसंच वाटत होतं. मी हात धुतले आणि ताटं मांडायला घेतली.