दोन्ही कानांचं ऑपरेशन

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे पाहुणे, जन्मात कधी टोपी घालत नव्हते. टक्कल पडायला लागलं तेव्हा उरलेसुरले केस एका कानावरून दुसऱ्या कानापर्यंत आडवे नेऊन चिकटवायचे, पण टोपी नाही. टोपी म्हणे खेड्यातल्या माणसानं घालावी. त्यामुळे बहिणीचं वर्षश्राद्ध होऊन चार-सहा महिने झाल्यावर हे गृहस्थ भर मे महिन्यात, पांढरी टोपी कानांपर्यंत ओढून माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, दुःखानं माणूस बदलला.

घरात घेतलं, पंख्याखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं. जळगावचं मे महिन्याचं ऊन काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. टोपीखालून घामाचे ओघळ येत होते, पण टोपी काही काढेनात. मग मी जरा नीट तोंडाकडे पाहिलं. गालांच्या पिशव्या गायब. हनुवटीखाली लोंबायचं ते गायब. नव्या ढोलकीला कातडं चढवावं तसं सगळं ताणून बसवलेलं. एक माशी येऊन गालावर बसली आणि खुशाल चालायला लागली. यांना पत्ताच नाही.

मी म्हटलं, पाहुणे, तब्येत बरी आहे ना.

तेव्हा त्यांनी टोपी काढली. दोन्ही कानशिलांवरून एकेक लाल रेघ निघालेली, कानाच्या पुढून खाली, पाळीला वळसा घालून मागं, आणि तिथून मानेवर. मागची तर बोटाला लागेल इतकी जाड. पुण्याला जाऊन तोंडाची कातडी वर ओढून कानामागं शिवून घेतली होती. फेसलिफ्ट म्हणतात त्याला, हा शब्द मी त्या दिवशी शिकले.

डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं म्हणे, की बायकांचे व्रण केसांत दडतात, तुम्हाला केसच नाहीत, तुमचे कुठं दडवू. वर्षभरात फिके पडतील, पण तोवर दिसणार. यांनी ऐकलं नाही. आणखी एक गंमत त्यांनीच सांगितली. गालाची दाढीची कातडी मागं सरकल्यामुळे आता दाढी कानाच्या तोंडाशी उगवते आणि कानामागंही. रोज सकाळी आरसा घेऊन कानामागं वस्तरा फिरवायचा. न्हाव्याकडे जायची लाज वाटते. मी पदर तोंडाला लावून बसले होते. त्यांना वाटलं असेल, मला वाईट वाटतंय.

आता मला वाईट का वाटत नव्हतं ते सांगते. माझी बहीण पोटाच्या दुखण्यानं गेली. इथल्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, पुण्याला घेऊन जा, तिथं इलाज आहे, वेळ आहे. पाहुणे म्हणाले, एवढ्या लांबचा प्रवास तिला झेपणार नाही. मग म्हणाले, पिकं निघाल्यावर बघू. मग म्हणाले, आता नेऊन उपयोग नाही. मी दोनदा म्हटलं, मी नेते, तुम्ही फक्त हो म्हणा. तर मला म्हणाले, अक्का, आमच्या घरचं आम्ही बघू. त्या वेळी मी गप्प बसले. जावयाला उलट बोलायचं नाही, हे चोपड्याला, माहेरी, आईनं आम्हा दोघींच्या हाडात घातलेलं. बहीण खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि मला म्हणायची, तू जा घरी, भाकरी व्हायच्या असतील.

तर असं. पुणं तेव्हा लांब होतं.

पाहुण्यांचं काम वेगळंच होतं. धरणगावला एक बाई होती, पन्नाशीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, अंगणवाडीत नोकरी. तिला पाहायला जायचं होतं. आमच्याकडे बायको गेल्यावर माणूस दुसरी करतो तेव्हा पहिलीच्या माहेरची माणसं सोबत लागतात. नवीन येणारीला त्यांनी आपली लेक म्हणायचं, आणि माणूस चांगला आहे, आमची नांदत होती, असं चार लोकांत सांगायचं. आमचे आई-वडील नाहीत, भाऊ नाही. राहिले मी.

बहिणीच्या जागी बाई आणायला मीच जायचं, आणि मीच सांगायचं की माणूस चांगला आहे. मी हो म्हटलं. इतक्या पटकन हो म्हटलं की ते जरा चकित झाले.

जाता जाता दारात थांबून हळूच म्हणाले, "अक्का, तिथं कुणी या रेघांचं विचारलंच, तर कानाचं ऑपरेशन झालंय म्हणा."

"एका कानाचं?"

"दोन्ही म्हणा. दोन्हीकडे दिसतं ना."

ते गेल्यावर मी लसूण सोलायला बसले आणि सोलता सोलता मला हसू फुटलं. त्यांनी जे सांगितलं तेच मी करणार होते. एक शब्द इकडचा तिकडे करणार नव्हते.

रविवारी त्यांच्याच गाडीनं गेलो. धरणगावला त्या बाईच्या थोरल्या भावाचं घर. त्याला सगळे नाना म्हणत होते. भिंतीला टेकून सात-आठ माणसं, आतल्या दारात बायका. बाई खुर्चीवर बसलेली, साधी सुती साडी, चष्मा. चहा झाला, चिवडा झाला. कुणी रेघांचं विचारलंच नाही. टोपी चांगली घट्ट बसली होती. मग मीच विषय काढला.

म्हटलं, नाना, लपवाछपवी नको, नंतर बोल लागतो. आमच्या पाहुण्यांच्या दोन्ही कानांचं मोठं ऑपरेशन झालंय.

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अगदी समाधानानं. काय घडतंय ते त्यांना अजून कळलं नव्हतं. नानांनी खुर्ची पुढं ओढली आणि शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारावी तसं विचारलं, "पाव्हना, तुमले ऐकू येस का?"

येतं येतं, पाहुणे म्हणाले. पण हळू बोलायची त्यांची सवय, त्यात तोंड ताणलेलं, ओठ नीट हलत नाहीत. नानांना ते पटलं नाही. त्यांनी मला विचारलं, किती येतं. मी म्हटलं, ते मी कसं सांगू, डॉक्टरलाच ठाऊक. आतून एक म्हातारी म्हणाली, बहिऱ्याच्या घरात बाई दिवसभर ओरडून मरेल. दुसरी म्हणाली, गाडी स्वतः चालवत आले ना, हॉर्न कसा ऐकतात. तेवढ्यात माशी आली. कुठून आली कोण जाणे. पाहुण्यांच्या गालावर बसली, फिरली, ओठाच्या कडेला गेली, आणि हे ढिम्म. नाना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, अक्का, यांचं तर काहीतरी मोठं दिसतं.

मी मान खाली घातली. एवढंच केलं.

नानांनी मग परीक्षाच घेतली. एकाला मागं उभं केलं आणि टाळी वाजवायला लावली. पाहुणे दचकले, तर कुणी म्हणे, वारा लागला असेल. साठी ओलांडलेला माणूस, जळगावात ज्याला पाहून लोक रस्त्यात थांबतात, त्याच्या मागं उभं राहून टाळ्या वाजवतायत. शेवटी त्यांचा संयम सुटला. त्यांनी टोपी काढून मांडीवर आपटली आणि मोठ्यानं म्हणाले, मला सगळं ऐकू येतं, हे कानाचं नाही, तोंडाचं आहे, पुण्याला जाऊन तरुण दिसायला केलंय.

आतल्या बायका हसल्या. बाहेरची माणसं हसू दाबत रेघा बघत राहिली. खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ती बाई मात्र हसली नाही. तिनं चष्मा नीट केला आणि सरळ त्यांनाच विचारलं, याला पुण्याला किती वेळा जावं लागलं. पाहुणे बिचारे, खरं बोलायला लागल्यावर माणूस थांबत नाही, म्हणाले तीनदा. दाखवायला एकदा, करायला एकदा, टाके काढायला एकदा.

"आणि ताईंना?"

पाहुण्यांनी टोपी उचलली, उलटी धरली, परत ठेवली. उत्तर मी दिलं.

"तिला जळगावच्या पुढं नेलं नाही."

घरी येताना अर्ध्या वाटेत त्यांनी गाडी कडेला घेतली. मग ते म्हणाले, अक्का, तुम्ही मुद्दाम केलं. मी म्हटलं, हो.

दोन दिवसांनी नानांचा फोन आला, बाईचा विचार नाही. बहिणीची मुलगी नाशिकला असते, तिचा फोन त्यानंतर आला. आधी खूप बोलली. मावशी, तू त्यांना चार लोकांत उघडं पाडलं, आईला हे आवडलं असतं का. मी म्हटलं, नसतं आवडलं, तुझी आई माझ्यापेक्षा चांगली होती. मग ती बराच वेळ रडली आणि मग खरं काय ते म्हणाली. तिचं दोन खोल्यांचं घर, सासू अंथरुणावर, वडिलांना तिथं कसं नेणार, आणि त्यांना तर साधा भात लावता येत नाही. "आता त्यांच्या जेवणाचं काय, मावशी?"

हा हिशेब मी लसूण सोलताना केला नव्हता.

तर आता रोज अकरा वाजता माझ्या घरून त्यांच्या घरी डबा जातो. दोन गल्ल्यांचंच अंतर आहे. मीच नेऊन ओट्यावर ठेवते, आत जात नाही. डब्यात कळण्याची भाकरी असते, शेवभाजी असते, सोबत ठेचा असतो. मध्ये भाचीनं फोनवर सांगितलं, बाबांना पित्त झालंय, मावशी, जरा मिरची कमी कर. मी हो हो म्हटलं.

मिरची मी कमी केलेली नाही.