उघड्या बोटांचा बाजार

मल्लिनाथ दारात आला तेव्हा मी पानाला चुना लावत होतो. शरणप्पा अण्णांचा हा धाकटा मुलगा, आमच्या घरी विनाकारण कधी येत नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "मुन्शीकाका, अण्णा गेले. लिंगैक्य झाले." मी पान तसंच तबकात ठेवलं... आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं नाही. आला तो राग. जुना, लोणच्यासारखा मुरलेला राग, आणि तो आता काढायचा कुणावर हा प्रश्न. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मीही बोलणार आहे, बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण सगळंच चांगलं बोललो तर अण्णाच म्हणतील, "मुन्शी, लोकांच्या अर्जांत सुदिक तू एवढं खोटं लिव्हत नव्हतास."

गेलो. त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं अण्णांना बसतं केलं होतं. कपाळभर विभूती, गळ्यात हार, डाव्या तळहातावर लिंग. मुरुम गावातली निम्मी माणसं लोटली होती. बाया रडत होत्या, जंगम मंत्र म्हणत होते, आणि माझी नजर त्या तळहातावरून हलत नव्हती. उघडा होता तो, सगळ्यांना दिसेल असा. तसा हात दाखवूनच त्यांनी एके काळी या गावाला उभं केलं होतं. मी विभूती वाहिली आणि मागं जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

निजामाच्या अमदानीत मी मुरुमात अर्जनवीस होतो. कचेरीत काम निघालेल्या लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचे, हा माझा धंदा. म्हणून गावानं मला मुन्शी केलं. अण्णा भुसार दुकानदार, माझ्याहून वयानं बरेच मोठे. घरात कानडी, दुकानात मराठी, अंमलदार आला की दखनी, आणि तिन्हींत समोरच्याला हसवण्याची हातोटी. संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर आमची बैठक असायची. तिथं अण्णांचा एकच विषय : गाव वर कसं यावं. पेठ होती पण पेठेत माणूस नव्हता. बाजाराच्या दिवशीसुद्धा दुकानदार माश्या मारत बसायचे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. आमच्याकडं आठवडी बाजाराचा जीव जनावरांच्या सौद्यात. आणि तो सौदा व्हायचा उपरण्याखाली. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि दलाल, दोघांचे हात एका उपरण्याखाली जायचे. बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबून तोडायचा. ज्याचा बैल तो शेतकरी बाजूला उभा राहून दोघांच्या तोंडाकडं बघत बसायचा. उपरण्याखाली एक ठरायचं, उपरण्यावर दुसरंच सांगायचं. एकदा ठकलेला माणूस पुन्हा मुरुमची वाट धरत नसे. अण्णा म्हणायचे, "बैल धडपणी इकला तर गडी बायकुला लुगडं घेतो, लुगडं घेतलं तर पोराला बत्तासं घेतो. बैलाचाच सौदा खोटा, मग गाव कशावर जगंल रं?"

आणि मग त्यांनी ते केलं, जे मी आजही त्यांच्या नावावर जमा धरतो. ओढ्याकाठचं आपलं रान त्यांनी बाजाराला दिलं. त्याच रानातल्या मोठ्या लिंबाखाली पंच बसले होते, गाव जमलं होतं. अण्णांनी शपथेचा बेल उचलला आणि म्हणाले, "ही जागा आजपून बाजाराची. हितं उपरणं खांद्यावर ऱ्हाईल, हातावर येणार न्हाय. भाव बोलायचा त्यो तोंडानं, सगळ्यांच्या म्होरं." मी म्हटलं, "अण्णा, कागद करून घेऊ." ते हसले. "बेल उचललाय न्हवं? आता कागद कशाला?" ज्या बाजाराची सगळी पुण्याई बोललेल्या शब्दावर, त्याच्या मालकाकडं कागद मागायचा, हे मलाही शोभेना. मग आम्ही दोघं बैलगाडी जुंपून गावोगाव फिरलो. अण्णा बोलावायचे, आणि जागेची हमी मागणाऱ्यांना मी सांगायचो, "जागा कायमची आहे, मी सांगतो." लोक सरकारी भाषा जाणणाऱ्याच्या शब्दाला मान देत. तो मान मी अण्णांच्या कामाला लावला.

वर्षा-दोन वर्षांत त्या रानाचं रूप पालटलं. थेट बेंबळीकडून बैल येऊ लागले, आळंदकडची कानडी माणसं येऊ लागली. कुंभार, साळी, लोहार यांना आपापल्या जागा मिळाल्या. अण्णांनी जनावरांसाठी दगडी हौद बांधून घेतला. दुपारी सौदे आटोपले की कुस्त्या लागायच्या, लिंबाखाली सोयरिकी जुळायच्या, भांडलेले भाऊ एका भाकरीवर बसायचे. पेठेतल्या दुकानांना रंग लागला. आणि दर बाजारी लिंबाच्या पारावर अण्णांची नक्कल व्हायची. स्वतःचे दोन्ही हात उपरण्याखाली घालून ते एकटेच हेडी व्हायचे, एकटेच दलाल, आणि मधूनच मान वळवून बावळट चेहऱ्याचा शेतकरी. लोक पोट धरधरून हसत. ज्या गोष्टीनं त्यांचे बाप नागवले गेले तिला हसत. मला वाटायचं, गावाचा विकास म्हणजे आणखी काय असतं?

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कापसाला भाव चढला आणि बाहेरगावचे एक शेठ जिन टाकायला, म्हणजे सरकी काढायचा कारखाना उभारायला, जागा शोधत आले. अण्णांकडं उतरले. एकदा सकाळी मी नेहमीसारखा ओट्यावर गेलो, तर शेठ आणि अण्णा समोरासमोर मांडी घालून बसलेले, आणि दोघांचे हात उपरण्याखाली. मी पायरीवरूनच खदखदून हसलो. म्हटलं, "काय अण्णा, पाहुण्याला नक्कल दाखवताय व्हय?" अण्णांनी माझ्याकडं बघितलं. क्षणभरच. मग तेही हसले, अगदी पारावर हसायचे तसे, आणि आत हाक मारली, "गंगव्वा, मुन्शीला च्या आण." गंगव्वावहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला पण नजर वर केली नाही. मी चहा प्यायलो, शेठना दोन विनोद सांगितले आणि कचेरीत गेलो. माझ्या डोळ्यांदेखत, भर उजेडात, तो बाजार विकला जात होता, आणि मी चहा पीत होतो.

पुढच्याच महिन्यातल्या एका बाजारी पहाटेपासून गाड्या येऊ लागल्या, तर रानाला तारेचं कुंपण. शेठची माणसं काठ्या घेऊन उभी. लिंब आत, हौद आत, जनावरं तहानेनं हंबरत बाहेर. लोक अण्णांच्या दुकानाकडं गेले, दुकानाला कुलूप. मग ते माझ्याकडं आले. बेंबळीकडचा एक म्हातारा शेतकरी, ज्याच्या घरी आम्ही दोघं जेवलो होतो, माझ्यासमोर उभा राहिला. आवाजही चढवला नाही त्यानं. म्हणाला, "मुन्शी, तुमी म्हनला व्हता कायमची हाय. म्हून म्या आलो. कुंपनानंच शेत खाल्लं म्हनायचं, दुसरं काय." कागद नव्हता. सरकारी दफ्तरात जमीन अण्णांची, विकायचा हक्क अण्णांचा. आणि विक्रीचा दस्त त्यांनी दुसऱ्या गावच्या अर्जनवीसाकडून लिहून घेतला होता. साधा नातेवाइकाला निरोप धाडायचा तरी "मुन्शी, जरा लिव्ह" म्हणणारा माणूस! केसानं गळा कापणं म्हणतात ते हे.

चार दिवसांनी अण्णा गावात दिसले. मी त्यांना भर पेठेत अडवलं. "अण्णा, बेल उचलला होता तुम्ही."

"बाजार आठवड्यातला एक दिस," ते म्हणाले, "जिन रोज चालंल. रोजची रोजी मिळंल पोरास्नी. गावाचंच भलं बघितलं म्या."

"मग ते लिंबाखाली, चार लोकांत का नाही बोललात?"

त्यांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं. "बोललो असतो तर तू व्हय म्हनला असतास?"

"नाही."

"गाव म्हनलं असतं?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तर उघड्यावर बोलायचं असतं, अण्णा," मी म्हटलं. ते वळले. दुकानात गेले आणि गादीवर बसले.

न्यायानं बोलायचं तर जिन चालला. माझ्याच भाच्याला तिथं काम लागलं, त्याच्या चुलीवर त्या पैशानं भात शिजला. अण्णांचा हिशेब अगदीच चुकला असं मी म्हणणार नाही. पण बाजार रस्त्याकडेला आला, कुस्त्या बंद पडल्या, कुंभार मागं फिरला. आणि हेडी पुन्हा उपरणी हातावर टाकू लागले. कुणी हटकलं तर म्हणायचे, "तुमच्या अण्णांचं चालतं, आमचंच नडतं व्हय?" अण्णांनी रान विकलं त्याचं दुःख मी कधीच गिळलं असतं. त्यांनी गावाला विश्वास ठेवायला शिकवलं, मग तोच विश्वास विकला, आणि त्याच ओट्यावर मला हसवून विकला. हे मला गिळता आलं नाही.

निजाम गेला, सरकार बदललं, माझी उर्दू कुणाला लागेना. मी गुळाच्या दुकानात लिखापढी धरली. अण्णा आणि मी एकाच पेठेत म्हातारे झालो. समोरासमोर आलो की "शरणार्थ", "रामराम", बस्स. त्यांच्या घरच्या लग्नांना गेलो, माझ्या घरच्या मौतीला ते आले. पण ओट्यावर पुन्हा बसलो नाही. पारावरची नक्कलही त्यांनी पुन्हा कधी केली नाही. गावातल्या नव्या पोरांना ती माहीतसुद्धा नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गंगव्वावहिनींनी निरोप धाडला, "तुमची लई आठवन काढत्यात, एकदा या." वाचा नसलेला माणूस आठवण कशी काढतो, असं मनात आलं, तरी गेलो. अण्णा खाटेवर उशीला टेकून होते. खांद्यावर तेच, किंवा तसलंच, लाल काठाचं उपरणं. मला बघून डोळे हलले. मी जवळ बसलो. त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला. मग तो सोडून, मला वाटलं आजारपणाची थंडी वाजतेय, उपरणं खांद्यावरून ओढून माझ्या हातावर टाकलं, आपला हात आत सरकवला... आणि त्याखाली माझी बोटं दाबू लागले. एक बोट. मग दोन. मग थांबून पुन्हा एक. चेहरा वाकडा झालेला, डोळे माझ्यावर.

मला ती भाषा येत नव्हती. मी कधी शिकलोच नाही. अण्णांच्या बाजारात तिची गरज नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. ते काय म्हणत होते, मला आजही ठाऊक नाही. माफी असेल, हिशेब असेल, नुसती जुनी सवय असेल. पण मला सहन झालं नाही. मी उपरणं झटकन बाजूला केलं. म्हटलं, "अण्णा, आता तरी उघड्यावर सांगा." त्यांची बोटं थांबली. ते स्वतःच्या हाताकडं बघत राहिले. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या, आणि या वेळी मी तो प्यायलो नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मल्लिनाथ ते उपरणं घेऊन आला. "आई म्हणाली, हे मुन्शींना दे." मी घेतलं. नको कसं म्हणणार? खांद्यावर कधी टाकत नाही, कुणाला देतही नाही. रोज सकाळी खुंटीवरून काढतो, घडी मोडतो आणि अंगणातल्या दोरीवर दोन्ही बाजूंनी ताणून वाळत घालतो. धुतलेलं नसतं, ओलं नसतं. सून विचारते, "मामंजी, कोरडंच उपरणं उन्हात कशाला?" मी तिला काय सांगू... त्याच्याखाली कुणाचा हात नाही, एवढं एकदा बघून घेतो, आणि मग पानाला चुना लावायला बसतो.