पोतनीसकाका गप्प का बसले

पोतनीसकाकांचा लॅपटॉप वॉरंटीत दुरुस्तीला गेला आणि परत येईना, ह्यात नवल काहीच नाही. इथे कुणाचा ना कुणाचा लॅपटॉप कायम सर्व्हिस सेंटरमध्ये पडलेला असतो. नवल हे की काका त्यावर एक अक्षर बोलत नव्हते. ते मला काही केल्या पचेना.

तुम्ही काकांना ओळखत नाही, म्हणून तुम्हाला वाटेल ह्यात काय एवढं. सूर्यकांत पोतनीस म्हणजे आमच्या दुबईतल्या, अल नहदातल्या बिल्डिंगमधले, अगदी समोरच्या दाराचे. अल क्वोजमधल्या एका बांधकाम कंपनीत पर्चेस मॅनेजर होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच काम केलं. ज्यानं माल द्यायचं कबूल केलंय, त्याच्या मानगुटीवर बसून तो आणवायचा. सकाळी लिफ्टची वाट बघतानाच त्यांचा फोन सुरू व्हायचा, तोही स्पीकरवर, कारण फोन कानाला लावला की आपला आवाज पलीकडे नीट जात नाही अशी त्यांची ठाम समजूत. "हबीबी, मला इन्शाल्ला नको सांगू. ट्रक कुठल्या सिग्नलला आहे ते सांग." आणि पलीकडचा बिचारा खरंच सिग्नल सांगायचा!

आमचा सोफा असाच आला. दुकानदार आज देतो, उद्या देतो करत होता, आणि मी, अनुराधा, जिच्या तोंडाला आमच्या घरात सगळे टरकून असतात, मीही थकले होते. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला, जिन्यापाशी जाऊन काय बोलले देव जाणे, संध्याकाळी सोफा दारात. वर दोन उशा फुकट.

असा हा माणूस निवृत्त झाला. आता त्यांच्या कंपनीत कुणी निघालं की निरोपाची भेट काकाच आणायचे, कारण खरेदी म्हणजे काका. त्यांची स्वतःची वेळ आली तेव्हाही कुणाच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. "पोतनीस, एक चांगलासा लॅपटॉप घेऊन या," म्हणून त्यांनाच पाठवलं. काका गेले, घासाघीस केली, बिलावर नेहमीसारखा आपला मोबाइल नंबर लिहिला, लॅपटॉप ऑफिसात नेऊन दिला आणि मग समारंभात टाळ्यांच्या कडकडाटात तोच परत घेतला. हसा, हसा. मीही पोटभर हसून घेतलंय.

तर तो लॅपटॉप महिनाभरात बंद पडला. स्क्रीन काळी, खलास. वॉरंटी फक्त इथली, भारतात चालणार नाही. काका म्हणाले, दुरुस्त करून घेऊनच जाऊ. तोवर घरचं सामान बोटीनं ठाण्याला रवाना झालेलं, व्हिसा कॅन्सल झालेला, देश सोडायला मिळते ती सवलतीची मुदत चालू. घरात उरलं काय, तर एक गादी, दोन खुर्च्या आणि कुकर. तिकिटं एकदा पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली. त्यात ठाण्याला शुभ्राचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, डोहाळजेवण झालं. वीणाकाकूंनी ते त्या खुर्चीवर बसून व्हिडिओ कॉलवर पाहिलं. कॉल चालू होता तोवर छान हसत होत्या, आणि संपल्यावर माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओक्साबोक्शी रडल्या. माझं डोकंच फिरलं.

"काका, अहो जरा फोन करून झापा ना त्यांना!"

"पार्ट यायचाय गं. होईल."

होईल! जो माणूस दुसऱ्याच्या तोंडून हा शब्द ऐकला की चवताळायचा, तो खिडकीपाशी बसून मला होईल म्हणतो? मी रात्रंदिवस त्याच विचारात. तब्येत बरी नाही का? शुभ्राच्या सासरी काही बिनसलंय का? की ठाण्याच्या फ्लॅटचं काही लफडं? आमचे अनिलराव म्हणाले, "तुला नसत्या चौकशा कशाला हव्यात?" आमची अस्मी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "मे बी ही इज जस्ट टायर्ड, मॉम." मला दोन्ही पटलं नाही. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय माहीत? दिवसभर गप्प असतात. सकाळी तेवढे खाली चक्कर मारून येतात."

शेवटी मीच पदर खोचला. काकूंकडून लॅपटॉपची पावती मागून घेतली आणि अस्मीला शाळेच्या बसमध्ये बसवून थेट बर दुबई गाठलं. मीना बाजारच्या मागच्या गल्लीत ते सर्व्हिस सेंटर. वाटेत भांडणाची पूर्ण तयारी केली होती. हिंदीत कुठून सुरुवात करायची आणि इंग्रजीत कुठे चढायचं, सगळं ठरलेलं.

काउंटरवर अहमद नावाचा मुलगा होता. मी आवाज चढवायच्या आत त्यानं पावती पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, ये तो रेडी है."

"रेडी? कब से?"

"ईद की छुट्टी से पहले. पहले टाइम लगा, मानता हूँ. बोर्ड गलत आया, वापस भेजा, फिर दूसरा आया. लेकिन अब तो हम मेसेज कर कर के थक गए. कोई आता ही नहीं."

माझं सगळं भांडण घशातच राहिलं. मेसेज कुठल्या नंबरवर केला म्हणून विचारलं, तर त्यानं काकांचा जुना नंबर वाचून दाखवला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो नंबर कंपनीचा! इथे असंच असतं. नंबर वर्षानुवर्षं आपला म्हणून वापरायचा, बँकेपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना द्यायचा, आणि नोकरी संपली की सिम काढून टेबलावर ठेवायचं. बिचाऱ्या काकांना मेसेज मिळालाच नसणार! मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. एवढंच होतं तर.

अहमद म्हणाला, लॅपटॉप हवा तर त्याच नंबरवर ओटीपी जाईल, तो आणा. मी लगेच नंबर लावला. "हॅलो, सुजीत बोलतोय," पलीकडून मराठीतच उत्तर आलं. काकांच्या जागी आलेला पुण्याचा मुलगा. मी म्हटलं, पोतनीसांच्या लॅपटॉपसाठी बोलतेय, ओटीपी आला का?

"आला, आला, देतो. घेताय का लॅपटॉप? बरं झालं." मग म्हणाला, "पण सरांना माहितीय ना?"

"त्यांना काय माहीत असणार? मेसेज तुमच्याकडे येतात."

"अहो मॅडम, पहिला मेसेज आला त्याच दिवशी मी सांगितलं सरांना. ते रोज फोन करतात. ऑफिस उघडलं की लगेच. लॅपटॉपचा मेसेज आला का रे? मी म्हटलं, आला सर, रेडी आहे. बरं म्हणाले. मग विचारलं, ते प्लायवूड आलं का? त्या पाइपवाल्याला जरा दाबून धर. दुसऱ्या दिवशी परत फोन. लॅपटॉपचा मेसेज आला का रे?"

मी अहमदला हातानंच थांब म्हटलं.

"आता मीच म्हणतो, नाही आला सर अजून. मग ते बोलत बसतात. मॅडम, मी खरं सांगतो, मला वैताग येतो. साइटवरून माझ्या नावानं बोंब चाललेली असते आणि सर मला कुठला ड्रायव्हर कसा आहे ते सांगत असतात. पण फोन ठेवा असं कसं म्हणायचं? तुम्ही लॅपटॉप घेऊन गेलात की सर उद्या काय विचारायला फोन करतील?"

ते मला कुठे माहीत होतं? मी ओटीपी घेतला. खरंच घेतला, कारण माझ्या डोळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडणाऱ्या काकू होत्या.

घरी आले ती सरळ समोरच्या दारात. काका खिडकीपाशी, काकू कुकर लावत होत्या. लॅपटॉप रिकाम्या खुर्चीवर ठेवला. काकूंनी आनंदानं टाळीच वाजवली. "अगंबाई, मिळाला? आला का मेसेज?"

काकांनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं. "ओटीपी कुणी दिला?"

माझ्या पोटात काही राहत नाही, हे जगजाहीर आहे. "सुजीतनं. काका, तुम्ही रोज त्याला फोन करता? लॅपटॉप तयार आहे हे माहीत असून?"

काकूंनी कुकरचं झाकण खाली ठेवलं. "रोज? कधी? म्हणजे खाली चक्कर मारायला जाता ते..."

मला आपली जीभ चावावीशी वाटली, पण उशीर झाला होता.

काकू गॅस बंद करून बाहेर आल्या. चिडतील असं वाटलं होतं. चिडल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. "त्या पोराशी रोज बोलता," त्या म्हणाल्या. "आणि इथे माझ्याशी दिवसभरात चार शब्द नाहीत. मला वाटलं, तुम्हाला बोलावंसंच वाटत नाही कुणाशी. मी शुभ्रालाही तसंच सांगितलं, बाबांचं बोलणंच सुटलंय म्हणून."

"त्याला विचारायला काहीतरी असतं, वीणा," काका म्हणाले. "माल आला का, ट्रक निघाला का. तुला काय विचारायचं, मला सुचतच नाही. इतक्या वर्षांत कधी विचारलंच नाही ना."

"मग विचारा की. काहीही विचारा."

मी दाराकडे सरकत होते. तिथे मी नको होते, कळत होतं, पण पाय निघेना.

काकांनी लॅपटॉपच्या बंद झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तुला जायचंय का गं इथून?"

मला वाटलं, हे काय विचारणं? जी बाई गेले कित्येक आठवडे जायला तळमळतेय, तिला?

काकू लॅपटॉप उचलून मांडीवर घेत त्या खुर्चीवर बसल्या. "शुभ्राकडे जाऊन यायचं होतं हो मला," त्या म्हणाल्या. "कायमचं नव्हतं जायचं."