काच झाडल्याचा आवाज

फौजी माणूस आठवणी सांगाले बसला म्हंजे तुम्ही मांडी सावरून बसता. आता जंगल येईल, जपानी येईल, कानाजवळून गोळी जाईल. काहीच नाही येत. लढाई चालू असताना माही पोस्टिंग झाली आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, पूर्णेच्या काठावर. अमडापूरचा मी. पुण्याले भरती झालो, ट्रेनिंग केली, अन् घरापासून बैलगाडीनं दोन मुक्कामावर परत येऊन पडलो. माय म्हने, "मंग गेला होता कायले?"

कापूस दाबायची एक बंद प्रेस सरकारनं ताब्यात घेतली होती. तिथं आम्ही सातपुड्यातल्या गवताच्या गाठी दाबत होतो. फ्रंटवरच्या खेचरांसाठी. प्रेस वाफेवर चाले. बॉयलर लांब, आडवा, पोटात दोन भट्ट्या. कोळशाची टंचाई. म्हणून अर्धा कोळसा अन् अर्धी पऱ्हाटी, म्हंजे कापसाची वाळली झाडं, जाळायची.

सकाळी सहाले फॉलिन. हवालदार जाधव साताऱ्याचा. त्याच्याजवळ बॉयलरचं मॅन्युअल होतं, अन् तो एकेका भागावर छडी ठेवून आमच्याकडून नावं म्हणून घे.

"हे काय?"

"वॉटर गेज, उस्ताद!"

"हे?"

"डॅम्पर, उस्ताद!"

"भट्टीच्या माथ्यावर काय बसवलंय?"

"फ्यूजिबल प्लग, उस्ताद! पानी कमी झालं का वितळते, अन् वाफ भट्टीत उतरते!"

रहमान चाचा हे सारं भट्टीजवळ बसून आयके. धामणगाव बढ्याचा, सिव्हिलियन, वीस वर्षं बॉयलरची आग सांभाळलेला माणूस. त्याच्या भाषेत वॉटर गेज म्हंजे काच, डॅम्पर म्हंजे धुराड्याची झडप, अन् प्लग म्हंजे शिशाचं बटन. हवालदार चिडला का चाचा म्हने, "साहेब, तिले कोन्या बी नावानं हाका मारा. ओ थोडीच देनार हाय?"

काच म्हंजे बॉयलरच्या तोंडावरची उभी नळी. आत पाणी किती, ते तिच्यात दिसते. पण पूर्णाकाठचं पाणी खारं. खार नळीच्या वाटेत बसते, वाट बुजते, अन् आतलं पाणी उतरलं तरी काचेत पहिल्याएवढंच दिसते. म्हणून काच झाडावी लागे. खालचा कॉक उघडायचा, वाफ-पाणी फुर्रर्र करत बाहेर पडते, वाट साफ. मॅन्युअल सांगे, पाळीले एकदा. चाचानं दर तासाले करून घेतलं. ती ड्यूटी माही.

आग मारताना, म्हंजे भट्टीत कोळसा फेकताना, चाचाले मान वर करता येत नसे. म्हणून तोंडी रिपोर्ट नाही. फुर्रर्र आयकू आलं का तो खालूनच म्हने, "हाव." झालं.

आता माही खोड सांगतो. मले सगळ्यांचे आवाज काढता येत. हवालदाराचा, खेचराचा, खेचरावर ओरडणाऱ्या हवालदाराचा. एकदा मेसमध्ये जेवता जेवता काच झाडल्याचा आवाज काढला. हवालदाराच्या नाकातून डाळ आली. चाचा काही हसला नाही.

"इथं काढला, ठीक हाय," तो म्हने. "तिथं नको काढू."

मंग एक दिवस अकराच्या टायमाले कॉक उघडला अन् उकळतं पाणी माह्या पायावर उडालं. फोड आला. हवालदाराले सांगितलं असतं त आठ दिवस माहीच नक्कल झाली असती. मी चूप बसलो. बाराले कॉकले हात लावला, गरम वाफेची आठवण झाली, अन् हात मागं घेतला. तोंडानं फुर्रर्र केलं.

खालून आवाज आला, "हाव."

मले हसू आलं. खरं सांगतो, लई हसू आलं. एकले पुन्हा केलं. दोनले पुन्हा.

दोन चाळीसले चाचानं भट्टीत पाहिलं अन् फावडं खाली ठेवलं.

"काच काय म्हनते बे?"

"अर्धी, चाचा."

"दोनले झाडली?"

"हाव."

तो वर चढून आला. मले बाजूले केलं अन् कॉक स्वतः उघडला.

आवाज आलाच नाही.

काचेतलं पाणी जागचं हाललं नाही. अर्धं होतं, अर्धंच राह्यलं. वाट बुजली होती. चाचानं माह्याकडं पाहिलं. एवढंसंच.

हवालदार धावत आला. त्यानं काच पाहिली, उघडा कॉक पाहिला, अन् त्याचा हात थेट पंपाच्या व्हॉल्व्हवर गेला.

"पाणी सोडा! फुल!"

चाचानं त्याचं मनगट धरलं. सिव्हिलियननं हवालदाराचं.

"नको साहेब. माथा लाल झाला. थंडं पानी पडलं त फुटनच."

भिंतीपलीकडं गाठी बांधणारी साठ-सत्तर माणसं होती. त्यात बाया होत्या.

"मग?"

"झडप लावा. मानसं बाहेर काढा. मी आग ओढतो."

हवालदारानं एका गरीब पोरासारखं आयकलं. डॅम्पर लावला. मले म्हणाला, "पळ, हॉल रिकामा कर!" मी पळालो. बाया हसत होत्या, त्याईले वाटलं मी नक्कल करून राह्यलो. मी ओरडलो, शिव्या देल्या, एकीले ढकललं. तवा निघाल्या.

मी परत आलो तवा डावी भट्टी रिकामी होती. निखारे जमिनीवर पसरलेले. चाचा लांब आकड्यानं उजवीतली आग ओढत होता. अर्धी ओढली होती. तेवढ्यात उजवीचं शिशाचं बटन गेलं. त्याच्यावर बी खार चढला होता, म्हणून इतक्या उशिरा गेलं. वाफ भट्टीत उतरली अन् भट्टीच्या तोंडातून आगीसकट बाहेर आली. चाचा तोंडासमोरच उभा होता.

बॉयलर फुटला नाही. दोन एकावन्न झाले होते.

जवसाचं तेल अन् चुन्याची निवळी लावून आम्ही त्याले ट्रकमध्ये घातलं अन् मलकापूरच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी कॅप्टन साहेब जबाब घ्यायले आले. चाचाचे हात, छाती, सारं पट्ट्यात. साहेबानं विचारलं, "गेज टेस्ट हुआ था?"

"हुआ था साहेब," चाचा म्हने. "मैंने आवाज सुना."

साहेब लिहाले लागले. मी सावधान उभा होतो.

"साहेब, वो आवाज मेरा था."

"फिर से बोलो."

"मुंह से निकाला, साहेब. तीन बार."

हवालदार खिडकीकडं पाहत राह्यला. कॅप्टननं लिहिलेलं खोडलं. मले अठ्ठावीस दिवस कोठडी झाली. कमी होती.

चाचा तिसऱ्या दिवशी सकाळी सात दहाले गेला. धामणगावच्या कब्रस्तानात मातीले हवालदार गेला होता, मी कोठडीत होतो. त्याचं नाव कोणत्या फौजी पाटीवर नाही, सिव्हिलियन होता म्हणून. म्हणून इथं लिहितो. शेख रहमान, भट्टीवाला. मी सुटून आलो तवा हवालदारानं मॅन्युअलमधलं 'पाळीला एकदा' खोडून वर शाईनं लिहिलं होतं, 'दर तासाले'. आमच्या बोलीत. मले त्यानं शिवी सुदा देली नाही.

शिव्या देल्या त्या चाचानं. जबाबाच्या संध्याकाळी, साहेब गेल्यावर. जवळ बोलावलं. माह्या पायाकडं पाहिलं. मी लंगडत होतो.

"हे कधीचं?"

"सकाळचं, चाचा. अकराचं."

"गधड्या, मंग मले काऊन नाही सांगतलं? मी झाडली असती ना काच. दोन मिंटाचं काम. दिवसभर तोंड चालते तुहं, साल्याचं. खेचराचं बोलतं, हवालदाराचं बोलतं. एक बार आपलं बोलाले काय झालं होतं बे?"